तुम्ही जा, मग काढतो

पेंटरना समोर बसलेल्या माणसाचं चित्र काढता येत नसे. हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. माणूस समोर असला की त्याचं नाक दिसतं, कान दिसतात, शर्टाचं तुटलेलं बटण दिसतं, आणि या सगळ्यात माणूस बघायचा राहून जातो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कुणी चित्र काढून घ्यायला आलं की ते त्याला ओट्यावर बसवायचे, चहा द्यायचे, गटाराबद्दल नाहीतर पाण्याच्या वेळेबद्दल बोलायचे आणि चहा संपला की म्हणायचे, "झालं. आता तुम्ही जा, मग काढतो."

बरेच जण यानंतर परत यायचे नाहीत. त्यांचीही चित्रं निघायची, कारण न येणारा माणूस पेंटरना जास्त सोयीचा पडत असे.

आमच्या सोसायटीच्या चेअरमनना आपलं चित्र ऑफिसात लावावं असं फार वाटायचं. ऑफिस म्हणजे एक पत्र्याची शेड होती, पण भिंत होती. ते एका रविवारी तोंडाला पावडर लावून, कडक इस्त्रीचा सदरा घालून आले आणि अंगठीचा हात वर येईल अशा बेताने गुडघ्यावर हात ठेवून बसले. पेंटरनी त्यांच्याशी डासांबद्दल गप्पा मारल्या आणि त्यांना पाठवून दिलं. चित्र आलं ते गणपती होऊन गेल्यावर. त्यात चेअरमन जुन्या लुंगीवर सार्वजनिक नळापाशी वाकलेले होते, हातात बादली होती, आणि रांग मोडून पुढे आलेलं कुणी पाहिलं तर नाही ना, हे ते खांद्यावरून मागे वळून बघत होते. पावडर नव्हती, अंगठीही नव्हती. चेअरमन लालेलाल झाले. मी असा कधी उभा होतो, असं त्यांनी दारातूनच विचारलं, तेव्हा त्यांच्या बायकोने आतून "रोज" असं उत्तर दिलं. चित्र ऑफिसात लागलं नाही, पण त्यांनी ते फाडलंही नाही. दाराच्या मागे लावलं. दार उघडं असलं की ते दिसत नसे, आणि चेअरमनांचं दार दिवसभर उघडं असे.

गिरणीचा संप फिसकटल्यावर आम्ही लालबागची खोली सोडून चारकोपला आलो. तेव्हा चारकोप म्हणजे आखून ठेवलेले सेक्टर, एकसारख्या बैठ्या घरांच्या रांगा, एका अंगाला कारखान्यांचे गाळे आणि दुसऱ्या अंगाला खाडी. सगळी घरं सारखी असल्यामुळे सुरुवातीला लोक एकमेकांच्या घरात शिरायचे आणि चपला काढून झाल्यावर चूक लक्षात यायची. आमचं घर पेंटरच्या घराला लागून होतं, मधली भिंत दोघांत एकच. त्यांच्याकडे स्टोव्हला पंप मारला की आमच्याकडे ऐकू यायचा.

पेंटर ठेंगणे होते, पन्नाशीचे. मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत आणि गळ्याचं बटण लावलेलं. अंगावर रंगाचा एक डाग मी कधी पाहिला नाही, त्यामुळे मला ते बरेच दिवस खरे पेंटर वाटतच नव्हते. सेक्टरातले लोक त्यांना दारं-खिडक्या रंगवायला बोलवायचे आणि ते जायचेही. दरवाजा छान रंगवून द्यायचे. चित्र आणि दरवाजा यांत एकच फरक, ते म्हणायचे, दरवाजा समोर असला तरी चालतो.

बोलताना ते डोळे मिटून घ्यायचे. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या बोलण्याने याला झोप आली, आणि तो आवरतं घ्यायचा. मग पेंटर डोळे न उघडता विचारायचे, पुढे काय झालं?

नोकरी गाळ्यांतल्या एका खोकी छापणाऱ्या कारखान्यात होती. उदबत्ती, पापड, मसाले यांच्या खोक्यांवरची चित्रं पेंटर काढायचे, आणि तिथलेच टाकाऊ पुठ्ठे घरी आणून त्यांवर स्वतःची. मालकाने एकदा पापडाच्या खोक्यासाठी हसरी गृहिणी मागितली. पेंटरनी काढलेली गृहिणी हसत नव्हती. ती ओट्यावर पापड वाळत घालून एका कावळ्याकडे रोखून बघत होती, आणि त्या आमच्या रांगेतल्या कोपऱ्यावरच्या मावशी होत्या हे कुणीही सांगितलं असतं. मावशींचे यजमान भांडायला म्हणून कारखान्यात गेले. आपली बायको अशी दुकानादुकानात मांडलेली त्यांना चालणार नव्हती. येताना ते दोन्ही हातांत मावतील तेवढी रिकामी खोकी घेऊन आले, आणि त्या वर्षी गावाला जे काही पाठवलं ते त्या खोक्यांतूनच पाठवलं. मालकानेही चित्र बदललं नाही. गिऱ्हाइकाला ही बाई विश्वासाची वाटते, असं त्याचं मत पडलं.

सगळ्या सेक्टराची चित्रं काढणाऱ्या या माणसाने आपल्या बायकोचं मात्र एकही चित्र काढलेलं नव्हतं. काकूंना याचं वाईट वाटायचं आणि त्या ते बोलून दाखवायच्या. पेंटर म्हणायचे, "ही जाते कुठे? कायम समोर. काढू कशी?" एका मे महिन्यात काकू मुद्दाम चिपळूणला माहेरी जाऊन राहिल्या. चांगल्या भरपूर राहिल्या. परत आल्या तेव्हा पुठ्ठे कोरेच होते आणि पेंटर पाव खाऊन खाऊन वाळले होते. तू येणार हे मला माहीत होतं, पेंटर म्हणाले, त्याला जाणं म्हणत नाहीत. काकूंनी पिशवीतून आमच्यासाठी फणसपोळी काढली, आणि माझ्या आईला म्हणाल्या की इतकं बरं वाटेल असं मला आजवर कुणी बोललेलं नाही, पण हे बाहेर सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील.

माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. अगदी ठार बहिरे नव्हते, पण मागून हाक मारली तर ती पोचत नसे. चारकोपला आल्यावर त्यांनी एका गाळ्यावर राखणीचं काम धरलं. कामावरून आले की बनियनवर ओट्याच्या कडेला खाडीकडे तोंड करून बसायचे. शेजारच्या ओट्यावर पेंटर. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरा डोळे मिटून असायचा, त्यामुळे त्यांचं कधी बिनसलं नाही. माझ्या माहितीत बाबांची एवढी घट्ट मैत्री दुसऱ्या कुणाशी नव्हती.

एका दुपारी बाबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर फोटोचा प्रश्न आला. घरात बाबांचा एकही धड फोटो नव्हता. कुठेही फोटो काढायची वेळ आली की ते खुर्च्या आणायला जायचे. माझ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, लग्नात ते एका फोटोत सापडले होते, तेही अगदी टोकाला, मामाच्या खांद्याआड अर्धे, आणि डोळे मिटलेले. दादा तो फोटो कांदिवली स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत घेऊन गेला. फोटोवाला म्हणाला, काळजी करू नका, डोळे उघडून देतो.

त्याने डोळे उघडून दिले. शिवाय अंगावर कोट चढवला, टाय बांधला, रंग दोन हात उजळ केला, कपाळावरची खोक बुजवली आणि भांग पाडला. त्या काळी मेलेल्या गिरणी कामगाराला फोटोवाले हमखास कोट घालत. त्यामागे त्याचा मान राखायचा विचार असे, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की भिंतीवर कुणीतरी विमा उतरवायला आलेला माणूस लावला आहे. दादाला मात्र फोटो पसंत पडला. त्याच्या मते बाबा साहेब दिसत होते, आणि एकदा तरी ते तसे दिसायला हवेच होते. आईने फोटो खूप वेळ बघितला आणि हार घातला. रोज सकाळी ती त्याला उदबत्ती लावायला लागली.

असे बरेच महिने गेले. मी तेव्हा सांताक्रूझला एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर भाजी निवडणं एवढंच आमचं एकत्र बसणं होत असे. अशीच मेथी निवडत होतो. आई मेथीकडे बघतच म्हणाली, "मला यांचं तोंड आठवत नाही गं."

मी म्हटलं, असं कसं होईल.

"डोळे मिटले की तो कोटवाला येऊन उभा राहतो. त्याला बाजूला सारते, तर मागे कुणी नाही." तिने काड्या एका बाजूला केल्या. "एवढा संसार केला आणि नवऱ्याचं तोंड आठवत नाही. हे बाईने सांगायचं तरी कुणाला?"

मी घाबरले. तिला म्हटलं, दमली आहेस, होईल ठीक. मग मनातल्या मनात मी माझ्यापुरतं आठवून पाहिलं, आणि मलाही कोटवालाच दिसला. हे मी तिला सांगितलं नाही. निदान मला तरी बाबा आठवतात, एवढा तिचा समज शाबूत राहू दे, असं मला वाटलं. संध्याकाळी मी शेजारी जाऊन पेंटरना सगळं सांगितलं. समोर नसलेलं माणूस काढून द्यायचं काम सेक्टरात तेच करत होते.

पेंटर गळ्याचं बटण तपासून आमच्याकडे आले. फोटोसमोर उभे राहिले. चांगलं निरखून त्यांनी दादाला विचारलं, "हे कोण?"

ते चेष्टा करत नव्हते. दादा म्हणाला, बाबा. पेंटर म्हणाले, अच्छा. मग म्हणाले, हा फोटो उतरवावा लागेल. हा जोवर भिंतीवर आहे तोवर ते येणार नाहीत.

दादा उखडला. "काय पेंटर, बापाचा फोटो उतरवायचा? लोक काय बोलतील?" त्याचं बोलणं संपायच्या आत आई स्टुलावर चढली होती. तिने हार काढला, फोटो खाली घेतला, जुन्या साडीत गुंडाळला आणि ट्रंकेत घातला. भिंतीवर नुसता खिळा राहिला. पुढचे किती तरी दिवस येणारा-जाणारा त्या खिळ्याकडे बघायचा आणि मग आमच्याकडे.

त्यानंतर पेंटर संध्याकाळी ओट्यावर येऊन बसू लागले. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. आई दाराच्या आत, मी उंबऱ्यावर. चेहरा सोडून द्या, ते आईला म्हणाले, जे आठवतं तेवढंच सांगा. आईला परक्या पुरुषासमोर नवऱ्याबद्दल बोलायची सवय नव्हती. परक्या कशाला, तिला कुणासमोरच नव्हती. पहिल्या काही दिवसांत तिने बाबांना मासे कुठले आवडायचे एवढं सांगितलं. पेंटर डोळे मिटून ऐकत होते. मोरीमाशाचं कालवण ऐकून चित्र कसं निघणार, हे मला कळेना, पण ते मोरीमाशाचंही पूर्ण ऐकून घेत.

मग एका संध्याकाळी आई म्हणाली, "पाठ आठवते."

पेंटर म्हणाले, बोला.

लालबागची खोली एवढीशी. त्यात सासू-सासरे, दोन दीर, शिवाय गावाहून आलेला कुणीतरी कायमचाच. त्या घरात नव्या सुनेने नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची पद्धत नव्हती. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवायचे, आई मागून वाढायची. पहिल्या पाळीला निघायचे तेव्हा ती गॅलरीत उभी राहायची, आणि ते जिन्याच्या वळणापर्यंत जायचे. एखादे दिवशी हळूच हाक मारायची इच्छा व्हायची, मारूनही बघितली होती. पण कान गेलेले, ते काही वळायचे नाहीत. असं करत करत तिने त्यांना आयुष्यभर मागूनच पाहिलं. समोरून बघायला मोकळीक मिळाली ती चारकोपला आल्यावर, आणि तोवर दोघांचीही ती सवय राहिली नव्हती.

हे तिने कुणालाच कधी सांगितलेलं नव्हतं. मला रडू यायला लागलं, आणि पेंटरचे डोळे मिटलेले होते हे बरं झालं. ते फक्त मधून मधून विचारत होते. खांदा कुठला खाली? डावा. मान? आखूड. बनियन? उजवीकडचा पट्टा कायम घसरलेला. आई सांगत होती, सांगताना तिचे हात हलत होते, आणि पेंटर मधूनच एक डोळा उघडून तेवढंच बघून घ्यायचे.

शेवटी ते म्हणाले, झालं. आता तुम्ही बोलू नका, मी काढतो.

आणि काढायचं नाव घेईनात. वर्षश्राद्ध जवळ आलं. गावाहून बाबांचे मोठे भाऊ यायचे होते, आणि भिंतीवर फोटो नाही म्हणून दादा रोज मला ऐकवत होता, कारण पेंटरना बोलावून मीच आणलं होतं. मी एकदा चिडून शेजारी गेले. पेंटर कोऱ्या पुठ्ठ्यासमोर डोळे मिटून बसले होते. मी विचारलं, अडलंय कुठे? ते म्हणाले, "कोट जात नाही अजून. पाठ येते, पण खांद्यावर कोटाची शिवण येते." मी म्हटलं, मग कोटाची शिवण तुमच्या पुठ्ठ्यावर काढून टाका आणि मोकळे व्हा. त्यावर त्यांनी डोळे उघडले आणि मी फार मोलाचं बोलल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. त्या पुठ्ठ्यावर त्यांनी खरंच एक रिकामा कोट काढला, आणि काकूंनी तो पावसाळ्यात गळतीखाली लावला.

बाबांचं चित्र आलं ते श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, रंग अजून ओला. पेंटरनी ते खुर्चीत टेकवलं आणि बाजूला उभे राहिले.

पाठ होती. ओट्याच्या कडेला बसलेला, बनियन घातलेला एक माणूस, पूर्ण पाठमोरा. डावा खांदा उतरलेला, उजवीकडचा पट्टा घसरलेला, आखूड मानेवर घामाच्या वळ्या. समोर त्याला काय दिसतंय ते काढलंच नव्हतं, नुसता उजेड होता. दादा चित्राच्या कडेने थोडा वाकला. बाजूने बघितलं तर तोंड दिसेल, असं त्याला का वाटलं कोण जाणे, पण तो वाकला खरा.

आई पुढे झाली. कानामागे, केसांत, एक पांढरा ठिपका होता. मला वाटलं, ब्रश चुकून लागला असेल.

"कापूस," आई म्हणाली.

गिरणीतून आले की बाबांच्या केसांत कापसाचं तूस अडकलेलं असायचं, हे मला तेव्हा कुठे आठवलं. चारकोपला येईपर्यंत गिरणी सुटली होती, त्यामुळे पेंटरनी ते कधी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. आईने त्यांना विचारलं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं का? पेंटर म्हणाले, नाही. पण मानेबद्दल सांगताना तुम्ही प्रत्येक वेळी चिमटीत काहीतरी धरून उचलत होतात. तिथे काहीतरी असणार.

आई खाली बसली. घरात सगळे असायचे, ती म्हणाली, म्हणून कधी काढता आला नाही. मग ती रडली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. पेंटर मान खाली घालून उभे होते, आणि त्यांना जा म्हणायचं की बसा म्हणायचं हे आमच्यापैकी कुणालाच सुचेना. शेवटी तेच चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी मोठे काका आले. हातपाय धुतले, पंच्याला हात पुसले आणि भिंतीकडे पाहून थांबले.

"ह्यां काय?" त्यांनी दादाला विचारलं. "तोंड खंय असा?"

दादा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, चित्र तसंच आहे.

"पाठमोरो माणूस भिंतीर टांगलेलो मी जल्मात बघूक नाय," काका म्हणाले. "हार घालतल्यात खंय? गंध लावतल्यात खंय? मानेक?"

प्रश्न बरोबर होता. भटजींना विचारलं, तर ते म्हणाले की मला तांदूळ आणि तीळ पुरेत, फोटोचं शास्त्रात काही नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा, मला अजून बोरिवलीला एक काम आहे. दादाने मग ट्रंक उघडून कोटवाला बाहेर काढला, पाटावर ठेवला, त्याला हार घातला. आलेल्या लोकांनी कोटवाल्याला नमस्कार केला आणि जेवताना भिंतीवरच्या पाठीकडे बघत जेवले. चेअरमन आले होते. त्यांनी चित्र पाहून पेंटरना हळूच विचारलं, यांना बरं तुम्ही पाठमोरं काढलंत, मला का नाही? पेंटर म्हणाले, तुम्ही सारखे वळून बघता.

निघताना काका चित्राजवळ गेले. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "मान मात्र आमच्या बापाशीचीच असा." आणि चपला शोधायला लागले.

लोक गेल्यावर आईने कोटवाल्याचा हार काढला, त्याला परत साडीत गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवला. तिने हे रागाने केलं नाही. पाहुण्यांची गादी आवरून ठेवतात तसं केलं.

पाठ भिंतीवर राहिली. हार नाही, गंध नाही. आई दुपारी कामं आटपली की तिच्यासमोर बसून तांदूळ निवडायची. पूजा करत नव्हती, बोलत नव्हती, नुसती बसायची. असं काही आठवडे चाललं. मग एका रविवारी सकाळी पेंटर आमच्या ओट्यावर चहाला बसलेले असताना ती आतून आली आणि तिने एखादं घरगुती काम झाल्यासारखं सांगून टाकलं, "काल दुपारी वळले."

पेंटरनी कप खाली ठेवला.

"नीट दिसले?"

"हो."

"कोट?"

"कसला कोट. बनियन. कपाळावर खोक आहे. पुढचा दात किडलेला आहे. जरा हसलेच." सांगताना आई लाजली. तिला लाजताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

दादा दाढी अर्धी ठेवून बाहेर आला होता. त्याला आता एकच दिसत होतं, की अखेर तोंडाचा फोटो मिळणार. आणि पेंटरनी, ज्यांनी आयुष्यात कुणाला आपणहून चित्र देऊ केलं नव्हतं, त्यांनी आईला विचारलं, "मग सांगा मला. समोरून काढतो."

आईने विचार केला. तिला घाई नव्हती.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही काढलंत की मग तुमचंच आठवेल. माझं जाईल."

पेंटर तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत राहिले. दादा म्हणाला, आई, असं काय करतेस, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मला वाटलं, पेंटरना राग आला. जन्मभर माणसं मनातून उतरवून पुठ्ठ्यावर ठेवणाऱ्याला कुणी असं सांगितलेलं नसणार. पण त्यांनी उरलेला चहा शांतपणे संपवला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे." एवढंच. नंतर बरेच दिवस त्यांनी चित्र काढलं नाही, दरवाजे मात्र रंगवले.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. तो चेहरा तिला शेवटपर्यंत पुरला. कुणाला दाखवायचा नाही म्हटल्यावर तिने तो आम्हालाही कधी नीट सांगितला नाही, आणि आम्हीही विचारला नाही, कारण ती आहे तोवर चेहरा घरातच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. ती गेली तेव्हा दादाने तिचा छान रंगीत फोटो लावला.

नंतर मी पेंटरना भेटायला गेले. तोवर ते आणि काकू विरारला मुलीकडे राहायला गेले होते. पेंटर फार थकले होते, गळ्याचं बटण तेवढं लावलेलं होतं. मी म्हटलं, तुम्ही तर बाबांशेजारी रोज बसायचात, तुम्हाला आठवत असतील, मला समोरून काढून द्या. त्यांनी डोळे मिटले आणि इतका वेळ मिटून ठेवले की आतून काकूंनी डोकावून पाहिलं.

"मला आठवतात ते माझे शेजारी," ते म्हणाले. "ते काढले तर तुम्हाला आणखी एक परका माणूस मिळेल. तुम्ही बसा पाठीसमोर."

पुठ्ठा आता कडेने वाकला आहे, कानामागचा कापूस पिवळा पडला आहे. रविवारी घरात कुणी नसलं की मी त्या पाठीसमोर बसते. मुद्दाम काही करत नाही, आई बसायची तशीच बसते. बाबा अजून वळलेले नाहीत.